लॅपटॉपच्या कूलिंगची ताणचाचणी

लॅपटॉपच्या अंतर्भागात बदल केल्यावर प्रोसेसर व ग्राफिक्स चिप पूर्ण भाराखाली चालवून यंत्र उष्णता कितपत बाहेर टाकते, हे तपासण्याची पद्धत. व्यवहारात तिला ‘स्ट्रेस टेस्ट’ म्हणतात. थर्मल पेस्ट, थर्मल पॅड, पंखा किंवा हीटसिंक बदलल्यावर ही चाचणी करतात.

गरज : चिप आणि हीटसिंक यांच्यामधली सूक्ष्म फट पेस्टने भरून निघते. स्क्रू एकाच बाजूने आवळले, तर हीटसिंक तिरका बसतो. पॅड हवा त्यापेक्षा अर्धा मिलिमीटर जाड निघाला, तरी हीटसिंक चिपवरून उचलला जातो. किरकोळ कामात हा दोष लपून राहतो. पूर्ण भार पडताच तापमान काही सेकंदांत उसळते. द्रवधातूच्या पेस्टमधील गॅलियम वीजवाहक असते आणि ॲल्युमिनियम पोखरते. त्यामुळे ती फक्त तांब्याच्या किंवा निकेलचा मुलामा असलेल्या हीटसिंकवर लावतात.

पद्धत : बदलाआधी एकदा व नंतर एकदा, तोच प्रोग्रॅम तितकाच वेळ चालवतात. प्रोसेसरसाठी सिनेबेंच किंवा प्राइम९५, ग्राफिक्ससाठी फरमार्क वापरतात. तापमान व वॉटचे आकडे एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये नोंदवतात. चार्जर जोडलेला, पॉवर मोड तोच आणि लॅपटॉप टणक टेबलावर असावा. प्रोसेसर सुरुवातीला थोडा वेळ जादा वीज घेऊन मग ठरलेल्या मर्यादेवर उतरतो, आणि हीटसिंक पुरता तापायलाही वेळ लागतो. म्हणून चाचणी २० ते ३० मिनिटे चालवतात.

निष्कर्ष : नुसते तापमान फसवे असते. अनेक इंटेल लॅपटॉप प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या सुमारास स्वतःच वेग उतरवतात; याला थ्रॉटलिंग म्हणतात. समजा, आधी ९५ अंशांवर ३५ वॉट टिकत होते आणि आता तेवढ्याच तापमानात ४५ वॉट टिकतात, तर अंश तेच राहूनही कूलिंग सुधारले. उलट, वॉट घटल्याने तापमान उतरले असेल, तर ती सुधारणा नव्हे. सारखाच भार असलेल्या कोअरच्या तापमानांत मोठी तफावत दिसली, तर हीटसिंक पुन्हा बसवून पाहतात.

दिंडोशीतील परिस्थिती : मुंबईतील मालाड पूर्वेच्या दिंडोशीला सांताक्रूझ वेधशाळेचे आकडे जवळचे. तेथे मेमधील सरासरी कमाल तापमान ३३ अंशांच्या आसपास असते; २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंशांची नोंद झाली होती. वीज आणि पंख्याचा वेग तोच असेल, तर खोलीचे तापमान जितके वाढते साधारण तितकेच चिपचेही वाढते. २४ अंशांच्या एसी खोलीतला निकाल ३३ अंशांच्या खोलीतल्या निकालाशी ताडला, तर नऊ अंशांच्या फरकात नव्या पेस्टचा गुण झाकून जातो. म्हणून चिपच्या तापमानातून खोलीचे तापमान वजा करून तुलना करतात. पश्चिम द्रुतगती महामार्गालगतच्या घरांत धूळ व तंतू हीटसिंकच्या पात्यांत अडकतात. ते साफ केल्याशिवाय पेस्टचा परिणाम वेगळा मोजता येत नाही.

मर्यादा : एका चाचणीतून पेस्ट किती टिकेल हे कळत नाही. वारंवार तापण्या-निवण्याने ती चिपच्या कडेला सरकते. म्हणून काही महिन्यांनी त्याच अटींवर चाचणी पुन्हा घेतात.