जलवाहिनी कशाची असावी?

नागपूर : पेंच आणि कन्हानचे पाणी शुद्धीकरण केंद्रातून निघते तेव्हा ते पिण्यायोग्य असते. घरच्या नळापर्यंत ते तसेच राहील की नाही, हे जमिनीखालील जलवाहिनीवर अवलंबून असते. पुरवठा सुरू असताना फुटक्या वाहिनीतून पाणी बाहेर झिरपते. पुरवठा बंद होऊन दाब ओसरला की त्याच छिद्रातून भोवतालचे सांडपाणी आत शिरते. कावीळ, गॅस्ट्रो अशा रोगांच्या साथींचे मूळ अनेकदा इथेच सापडते. त्यामुळे वाहिनीची निवड हा केवळ खर्चाचा नव्हे, तर आरोग्याचाही प्रश्न आहे.

बीड : बीड अर्थात कास्ट आयर्नच्या वाहिन्या अनेक दशके टिकतात. मात्र बीड ठिसूळ असल्याने जमीन हलताच त्याला तडा जातो. अस्तर नसलेल्या वाहिनीत गंजाच्या गाठी वाढून पाण्याची वाट अरुंद होते.

डक्टाइल आयर्न : वितळलेल्या लोखंडात मॅग्नेशियम मिसळले की त्यातील ग्रॅफाइट पापुद्र्यांऐवजी गोल कणांच्या रूपात जमते. त्यामुळे हे लोखंड न तुटता थोडे वाकते. आतून सिमेंटचे अस्तर आणि बाहेरून जस्त व बिटुमेनचा लेप असतो. रबरी कड्यांचे सांधे किंचित हालचाल सोसतात. शहरातील मुख्य वितरण वाहिन्यांसाठी ही नळी भरवशाची मानली जाते. तिचे भारतीय मानक आयएस ८३२९ आहे.

पोलाद : मोठ्या व्यासाच्या आणि उच्च दाबाच्या वाहिन्यांसाठी पोलादी नळ्या वापरतात. लेप किंवा अस्तर खराब झाल्यास त्या वेगाने गंजतात.

एचडीपीई : ही नळी गंजत नाही आणि तिचे सांधे उष्णतेने वितळवून एकजीव करता येतात. मात्र तापमान वाढले की तिची दाब सोसण्याची क्षमता घटते. पेट्रोल वा रासायनिक द्रावके झिरपलेल्या जमिनीत ती टाळावी, कारण हे पदार्थ तिच्या भिंतीतून आत शिरू शकतात. तिचे मानक आयएस ४९८४ आहे.

पीव्हीसी : ही नळी स्वस्त व हलकी असते, परंतु उन्हात पडून राहिल्यास ठिसूळ होते. या नळ्यांतील शिशाचा वापर थांबविण्यासाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम केले.

सर्वांत कच्चा दुवा

गळतीचा विचार करताना लक्ष मोठ्या वाहिन्यांकडे जाते. प्रत्यक्षात मुख्य वाहिनीपासून घरापर्यंतची लहान जोडणीच अनेकदा आधी निकामी होते. जस्ताचा मुलामा असलेल्या जीआय नळ्या ओल्या जमिनीत काही वर्षांतच गंजतात आणि त्या बऱ्याचदा नाली किंवा गडरलाइनजवळूनच गेलेल्या असतात. धरमपेठ झोनमधील चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या पथदर्शी प्रकल्पात अशा जोडण्या काढून एमडीपीई नळ्या टाकण्यात आल्या. २०१२ मध्ये शहराच्या पाणीपुरवठ्याचे संचालन ऑरेंज सिटी वॉटर कंपनीकडे गेल्यावर हीच पद्धत इतर भागांतही अवलंबिण्यात आली.

मातीचा स्वभाव

नागपूरच्या अनेक भागांत काळी चिकण माती आहे. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. अशा जमिनीत ठिसूळ नळी व ताठर सांधा टिकत नाही. नळीखाली वाळूचा किंवा बारीक मुरमाचा थर द्यावा आणि दगड थेट नळीला टेकू देऊ नयेत. वाहनांच्या रस्त्याखाली नळीवर साधारण १ मीटर भराव असावा. मलवाहिनीपासून शक्यतो ३ मीटर अंतर राखावे. जिथे ती ओलांडावीच लागते, तिथे जलवाहिनी वरून न्यावी.

नवी जोडणी घेताना नागरिकांनी नळीवरील आयएसआय चिन्ह, दाबाची श्रेणी आणि निर्मितीची तारीख पाहावी. खड्डा बुजविण्यापूर्वी दाब देऊन सांधे तपासून घ्यावेत. उत्तम प्रतीची नळीदेखील एका सैल सांध्यामुळे निरुपयोगी ठरते आणि हा दोष मातीखाली गेल्यावर सहसा रोगराई पसरल्यावरच लक्षात येतो.