तळटीप : कर्नलचे घड्याळ

लिनक्सचा कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद जागतिक वेळेनुसार मोजतो. भारतीय प्रमाणवेळेसाठीचे १९,८०० सेकंद कर्नलबाहेर मिळवले जातात. कठीण भाग लीप सेकंदाचा, म्हणजे जागतिक वेळेत अधूनमधून मिळवल्या जाणाऱ्या जादा सेकंदाचा. १ जुलै २०१२ रोजी कोल्हापुरात पहाटे साडेपाचच्या ठोक्याआधी एक जादा सेकंद आला. लिनक्सने घड्याळ सेकंदभर मागे घेतले, पण सूक्ष्म टायमरांना ते कळवलेच नाही. त्यांच्या लेखी वेळ सेकंदभर पुढे राहिली. सेकंदाहून कमी थांबायचे काम थांबेचना, जगभर अनेक सर्व्हरांचे प्रोसेसर विनाकारण धावत राहिले. घड्याळात तीच वेळ पुन्हा लावली की सर्व्हर ताळ्यावर येत. कायमची दुरुस्ती जॉन स्टुल्झ यांनी केली. इतके चिकाटीचे काम वाचकाला ठाऊक असायलाच हवे.