गावाचं वर्ष, शाळेचं वर्ष



आपल्या बॅचने पहिली-दुसरीच्या मुलांसाठी दर महिन्याला एक विषयपेटी द्यायची, असं तयारीच्या बैठकीत ठरलं आणि वर्षाचं नियोजन माझ्या गळ्यात पडलं. सॉफ्टवेअरमध्ये वीस वर्षं काढलेली मी. एका रविवारी बसून एक्सेलमध्ये बारा रकाने भरून टाकले. जूनला ‘माझं कुटुंब’, जुलैला ‘वाहतूक’, ऑगस्टला ‘प्राणी’. कौतुकाने आईला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, “आणि जुलैत भाताची लावण असती, त्याचं काय?”

तेव्हा चौथीतली आपली एक मैत्रीण आठवली. लावण सुरू झाली की ती पंधरा-वीस दिवस दिसायची नाही. आई-वडील चिखलात आणि धाकटा भाऊ तिच्या कडेवर. परत यायची तेव्हा धडे पुढे गेलेले असायचे. तिला उत्तर आलं नाही की आपण हसायचो. पाचवीत ती आलीच नाही.

मग मी जुनं वाचायला घेतलं. शाहू महाराजांनी 1917 साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड ठेवला. शाळेचं दार सगळ्यांना उघडलं, ही फार मोठी गोष्ट. पण आत आलेल्या मुलाला काय आणि कधी शिकवायचं, हा प्रश्न पुढच्यांसाठी उरला.

1937 च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली. सूतकताई, शेती अशा एखाद्या उद्योगाभोवती भाषा आणि गणित गुंफायचं. याला ‘समवाय’ म्हणत. आज आपण ज्याला थीम म्हणतो, त्याच्या जवळचीच ही कल्पना.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे लहान मुलांपर्यंत नेलं. 1945 मध्ये बोर्डीला त्यांनी काम सुरू केलं आणि 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून बिया, शिंपले, पानं, खडे हीच साधनं झाली. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात गेली, तीच अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली. मूल का येत नाही, हे आधी पाहायचं आणि मग शाळा तिथे न्यायची, असा त्यांचा क्रम.

आपल्या कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी 1985 मध्ये ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू केलं. मुलांच्या भोवतालचं जगणं त्यांनी वर्गात आणलं. आपण तेव्हा शाहूवाडीत पाढे घोकत होतो आणि ही शाळा आपल्याच जिल्ह्यात होती, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं.

हे सगळं वाचून मी तक्ता पुसला आणि गावाच्या वर्षाप्रमाणे पुन्हा मांडला. जूनला पाऊस आणि कडवी नदी. आषाढात बेंदूर, म्हणजे मातीचे बैल आणि त्यांचे पाय-शिंगं मोजणं. जुलैला तरवा: रोपं मोजायची, मुठी बांधायच्या, इरल्याचं चित्र काढायचं. दिवाळीच्या सुमारास सुगी, म्हणजे मापं आणि वजनं. थंडीत गुऱ्हाळ आणि शिवारात येणारा गवा. चैत्रात जोतिबाची यात्रा. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी रानमेवा. ‘वाहतूक’ही आहे, पण ती आंबा घाटातून जाणाऱ्या गाड्यांपासून सुरू होते.

आता पोरं लावणीसाठी पूर्वीसारखी घरी राहत नाहीत. तरीही जो महिना घरात महत्त्वाचा, तो शाळेतही महत्त्वाचा असला की बुजणारं मूल तोंड उघडतं. त्याला काहीतरी आधीपासून येत असतं. आपल्या मैत्रिणीलाही येत होतं. तिला ते कुणी विचारलं नाही, आपणही नाही.

कुणाच्या माळ्यावर जुनं इरलं, पायली किंवा शेर असेल तर मेळाव्याला घेऊन या. गुरुजनांनो, तक्त्यावर लाल शाई जरूर चालवा. आणि त्या मैत्रिणीचा फोन नंबर कुणाकडे असेल तर मला कळवा. जुलैची पेटी तिला विचारूनच भरायची आहे.