‘महल’मधले भूत आणि मालाडचे कामगार

ओसाड हवेली, अंधारात हेलकावणारे झुंबर आणि मध्यरात्री कानी पडणारे स्त्रीचे गाणे, हा सारा सरंजाम हिंदी बोलपटात रुळला तो सन १९४९ च्या ‘महल’पासून. दिग्दर्शक म्हणून कमाल अमरोही यांचा हा पहिलाच बोलपट. निर्मिती मालाडच्या ‘बॉम्बे टॉकीज’ची. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. भुताखेतांशी आमचे काय काम, असे श्रोत्यांस वाटेल. परंतु या भुताचे कूळ शोधू गेल्यास वाट थेट कष्टकऱ्याच्या दाराशी पोचते.

कथाच पाहा ना. हरिशंकर नावाचा श्रीमंत तरुण अलाहाबादेच्या एका जुन्या हवेलीत राहावयास येतो. भिंतीवरची जुनी तसबीर हुबेहूब त्याच्यासारखी! पूर्वीचा मालक नदीत बुडाला, त्यामागे त्याची प्रेयसी कामिनीही गेली, अशी हकीकत माळी सांगतो. आणि मग रात्री कामिनी दिसू लागते. अशोककुमारांचा हरिशंकर त्या छायेपायी आपला संसार उधळतो. अखेर उलगडा होतो की कामिनी म्हणजे त्या माळ्याचीच मुलगी, आशा. पडद्यावर ती मधुबाला. माळ्याच्या पोरीकडे मालकाची दृष्टी वळावी, तर तिला भूत व्हावे लागले!

पडद्यामागेही तीच तऱ्हा. ही भीती उभी केली ती उजेड आणि सावलीच्या कारागिरीने. कॅमेरा जोसेफ विर्शिंग यांचा. हे जर्मन, म्हणून दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने त्यांना स्थानबद्ध केले होते. संगीत खेमचंद प्रकाश यांचे. गाणे दुरून जवळ येत आहे असे भासावे, यासाठी लता मंगेशकर खोलीच्या कोपऱ्यातून गात गात मायक्रोफोनपर्यंत चालत आल्या. आणि तबकडीवर गायिकेचे नाव छापले गेले ‘कामिनी’! पात्राचे नाव घालण्याचा तेव्हा प्रघातच होता. गळा विशीच्या उंबरठ्यावरील जिवंत मुलीचा, नाव मात्र भुताचे. श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा केली, तेव्हा कुठे खरे नाव बाहेर आले.

‘महल’ गाजला, पण कंपनी तरली नाही. हिमांशु राय आणि देविकाराणी यांनी सन १९३४ मध्ये उभारलेला तो संसार १९५४ साली मोडला. मोडण्यापूर्वी तेथल्या कामगारांनी सहकारी संस्था काढून ‘बादबान’ हा चित्रपट केला. देव आनंद, अशोककुमार, मीनाकुमारी त्यात होते. बादबान म्हणजे गलबताचे शीड. शीड चढले, गलबत वाचले नाही. मालाडच्या त्या जागेत पुढे लहानमोठ्या कारखान्यांची दाटी झाली.

नटनट्या लोकांच्या ध्यानात राहिल्या. बुडते गलबत सावरू पाहणारे सुतार, दिवेवाले, रंगारी यांची नावे कोणास सांगता येतील? जासईकरांना ही उणीव समजावून द्यावी लागणार नाही. सन १९८४ च्या जानेवारीत जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी ज्यांनी प्राण दिले, त्यांची नावे या भूमीत आजही आदराने घेतली जातात. बोलपटाचा इतिहास लिहिणारांनी एवढीच रीत पाळावी, ही आमची मागणी आहे.