भाला, बंदूक आणि असूड : रानडुकराच्या 'न्याय्य' शिकारीचा इतिहास

१/१२
१८८३ हे वर्ष. उत्तरेत मेरठजवळ रॉबर्ट बेडन-पॉवेल हा तरुण घोडदळ अधिकारी (पुढे स्काउट चळवळीचा संस्थापक) घोड्यावरून भाल्याने रानडुक्कर मारण्याच्या 'कादिर चषक' स्पर्धेत विजयी ठरला. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुले 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण करीत होते. त्यातही रानडुक्कर आहे. प्राणी एकच, त्याच्याकडे पाहणाऱ्या दोन दृष्टी मात्र एकमेकींना अनोळखी. या धाग्याचा विषय तोच.

२/१२
आधी थोडे मागे जाऊ. दख्खनच्या इतिहासात वराहाला मोठा मान आहे. बदामीच्या चालुक्यांचे राजचिन्ह वराह होते. पुढे 'वराह' हे सोन्याच्या नाण्याचेच नाव झाले. राजाला मृगया शोभते असे मानले जाई, पण शास्त्रकारांनी तिची गणना व्यसनांतही केली. कौटिल्याने या वादात मृगयेची बाजू काहीशी उचलून धरली : तिने व्यायाम घडतो, चल लक्ष्यावर नेम साधण्याचा सराव होतो, भ्यालेल्या आणि चवताळलेल्या जनावराचे मन कळते.

३/१२
डुकराशी झुंजणाऱ्याचे शौर्य दगडावर कोरले गेल्याचा एक हृद्य पुरावा कर्नाटकात आतकूर येथे सापडला. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या काळातला, दहाव्या शतकाच्या मध्याचा हा शिलालेख. मणलेर नावाच्या वीराने बक्षीस म्हणून 'काळी' नावाचा शिकारी कुत्रा मागून घेतला. तो एका प्रचंड रानडुकराशी झुंजला आणि दोघेही मेले. कुत्र्याच्या स्मरणार्थ शिळा उभी राहिली. शिळेवर कुत्र्याबरोबर डुक्करही कोरले आहे. प्रतिस्पर्ध्याला दिलेला हा मान ध्यानात ठेवा.

४/१२
इंग्रज आले आणि या शिकारीला नियमांचे कोंदण मिळाले. मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन या खेळाचा शौकीन होता. खानदेशात भिल्ल पलटण उभारणारा जेम्स आउट्रम तर त्यासाठी विख्यात होता. भाल्यांच्याही दोन पद्धती होत्या. मुंबई इलाख्यात सुमारे आठ फुटांचा हलका, लांब भाला हात खाली ठेवून रोखला जाई. बंगालकडे शिसे भरून जड केलेला आखूड भाला वरून खाली मारला जाई.

५/१२
नियम असे : हाका करणाऱ्यांनी डुक्कर झाडीतून बाहेर काढायचे. ते मोकळ्यावर येऊन पुरेसे पुढे जाईपर्यंत स्वारांनी थांबायचे आणि प्रमुखाने इशारा दिल्यावरच घोडे सोडायचे. मादीला हात लावायचा नाही. लहान नरालाही सोडून द्यायचे. बंदूक तर निषिद्धच. स्पर्धेत तीन-चार स्वारांची तुकडी असे आणि घोड्यावरचा पंच ज्याच्या भाल्याला प्रथम रक्त लागलेले पाही, तो जिंकला.

६/१२
हे निव्वळ ढोंग नव्हते. वयात आलेला सुळेवाला नर उलटला की घोड्याचे पोट फाटे, स्वाराची हाडे मोडत. शिकाऱ्याने जनावराला निसटण्याची संधी द्यावी, हीच कल्पना अमेरिकेत १८८७ साली थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने शिकारनीतीचा पाया मानली. संस्थानिकांतही हा खेळ रुजला. कोल्हापूरचे शाहू महाराज घोड्यावरून भाल्याने डुकराची शिकार करण्यात निष्णात होते.

७/१२
पण या नियमांत किती पक्ष आहेत ते मोजून पाहा. स्वार आणि डुक्कर, बस्स. काठ्या घेऊन पायी झाडीत शिरणारे हाकेवाले त्यात नाहीत. ज्याच्या ज्वारीवर ते डुक्कर पोसले, तो शेतकरीही नाही. उलट, खेळासाठी डुक्कर राखून ठेवायचे म्हणून त्याला गोळी घालणे हे साहेबांच्या वर्तुळात महापातक समजले जाई. इंग्लंडात कोल्ह्यावर बंदूक चालवणाऱ्याची जी नाचक्की होई, तशीच ही.

८/१२
आता १८७८ चा शस्त्र कायदा आठवा. परवान्याविना बंदूक बाळगणे गुन्हा ठरले. रात्री माळ्यावर बसून गोफण फिरवणारा, शेकोटी पेटवून जागल करणारा कुणबी उरला. पुणे आणि नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे होऊन तेव्हा तीनच वर्षे झाली होती. कर्जात रुतलेल्या अशा कुळाच्या रानात कळप एकदा शिरला की वर्षाचे धान्य एका रात्रीत मातीला मिळे.

९/१२
फुल्यांची मागणी या पार्श्वभूमीवर वाचावी. 'असूड'मध्ये ते म्हणतात त्याचा आशय असा : पिके राखण्यासाठी शेतकऱ्यांना जुन्यापुराण्या, गावठी का होईनात, बंदुका बाळगू द्या. ते जमत नसेल तर राखणीचे काम पोलिसांवर सोपवा. त्यानंतरही डुकरांनी शेत खाल्ले, तर ते नुकसान पोलिसांच्या वरिष्ठ अंमलदारांच्या पगारातून किंवा सरकारी खजिन्यातून भरून देण्याचा कायदा करा. जो शस्त्र काढून घेतो, त्याच्यावर रक्षणाची जबाबदारी येते, हा त्यातला रोखठोक युक्तिवाद.

१०/१२
तिसरा पक्ष पारध्यांचा. फास आणि जाळे लावून पोटासाठी शिकार करणाऱ्या या समाजाला शिकारीची स्वतःची विद्या होती. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ च्या नव्या कायद्याने मुंबई इलाख्यातही आला आणि पारध्यांसह अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो कायदा रद्द झाला १९५२ साली. साहेबाच्या भाल्याला 'खेळ' म्हणायचे आणि पारध्याच्या फासाला 'चोरटी शिकार' : ही शब्दयोजना कोणी केली, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारलाच पाहिजे.

११/१२
हे सारे श्रीरामपुरात बसून लिहिण्याचे कारण आहे. १८८३ साली हे शहर नव्हते. १८७८ च्या दौंड–मनमाड लोहमार्गावरचे बेलापूर रोड हे स्थानक होते. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले, प्रवरेच्या कालव्यांनी माळ भिजला, हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. घोडा उधळायला लागणारे मोकळे माळरान गेले आणि उसाचे फड आले. रानडुकराला याहून आयता आडोसा कोणता? खेळाची भूमी संपली. शेतकऱ्याचे गाऱ्हाणे मात्र उरले.

१२/१२
१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानडुकराला संरक्षण दिले. आज पिकाच्या नुकसानीची भरपाई वनखात्याकडे मागता येते, म्हणजे फुल्यांच्या मागणीचा एक धागा तेथवर पोहोचला आहे. तरीही कुंपणात वीज सोडली जाते आणि त्यात जनावरांबरोबर माणसेही मरतात. 'न्याय्य शिकार' म्हणजे काय, हे केवळ शिकारी आणि सावज यांच्यात ठरवले तर हिशेब अपुरा राहतो. शेताचा धनी आणि हाकेवाला यांनाही त्यात जागा हवी.

तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी डुकरांसाठी जागल केली असेल, तर त्यांच्या आठवणी टिपून ठेवा. माळा, गोफण, हाळी यांचे तपशील कागदपत्रांत क्वचितच सापडतात. गावच्या वेशीवरच्या वीरगळावर डुक्कर कोरलेले दिसले, तर त्याचे छायाचित्र या धाग्याखाली अवश्य जोडा.