भीती डिलीट होत नाही!

परवा गावी गेलो होतो. पुण्यात मित्राच्या लॅब्रॅडॉरशी तासभर मस्ती करणारा मी, आमच्या जुन्या बोळात एक मरतुकडं कुत्रं दिसलं आणि जागीच थिजलो. लहानपणी तिथंच कुत्रं चावलं होतं. म्हणजे दोन वर्षांची मेहनत पाण्यात? लाजच वाटली. मग शनिवारी वाचत बसलो, आणि पीटर भेटला.

पण आधी अल्बर्टबद्दल. १९२० साली अमेरिकेत जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांचा एक प्रयोग छापून आला. ११ महिन्यांच्या अल्बर्टने पांढऱ्या उंदराला हात लावला, की हे मागून पोलादी दांडीवर हातोडा हाणायचे. लवकरच बाळ नुसत्या उंदराला पाहून रडू लागलं. मग सशाला आणि कुत्र्यालाही. भीती पेरली खरी, पण ती काढायच्या आधीच बाळाला दवाखान्यातून नेलं. आज असा प्रयोग कुणी करूच देणार नाही!

भीती काढायचं काम केलं मेरी कव्हर जोन्सने. तिने १९२४ साली लिहिलेला पीटर जेमतेम ३ वर्षांचा, सशाला घाबरणारा. न घाबरणाऱ्या मुलांसोबत खेळून तो बराच सुधारला. मग आजारी पडून दोन महिने दवाखान्यात राहिला, आणि निघताना एक मोठं कुत्रं अंगावर आलं. झालं! सशाची भीती परत पहिल्याइतकी. जोन्सने पुन्हा सुरुवात केली. पीटर आवडीचं खात असताना पिंजरा थोडा थोडा जवळ आणायचा. शेवटी ससा त्याची बोटं कुरतडायचा आणि तो बिनधास्त!

भीती परत का आली? कारण ती पुसलीच गेली नव्हती. २००२ साली मोहम्मद मिलाद आणि ग्रेगरी क्वर्क यांनी उंदरांवरचं काम प्रसिद्ध केलं. आवाजाबरोबर शॉक देऊन भीती शिकवली, मग नुसता आवाज ऐकवून ती घालवली. दुसऱ्या दिवशी कपाळामागच्या भागातल्या ठरावीक पेशी ज्यांच्यात जास्त चेतल्या, ते उंदीर कमी थिजले. भीतीची जुनी नोंद अमिग्डालात असते. ती डिलीट होत नाही. 'आता धोका नाही' अशी नवी आठवण तयार होते आणि जुनीला ब्रेक लावते. आमच्या भाषेत, पॅच!

गोची अशी, की हा पॅच जागेला बांधलेला असतो. माझा पुण्यात बसवलेला, बोळात चाललाच नाही.

असो. म्हणजे मेहनत वाया गेली नाही, अर्धी राहिलीय. पुढच्या खेपेला बोळात बिस्किटं घेऊन जाणार. कुत्र्यासाठी... आणि थोडी माझ्यासाठीही!