बाराची परीक्षा

बंदुकीचा बार स्वतःच्या हातानें भरण्याची विद्या बंदुकीइतकीच जुनी आहे. परंतु भरलेला बार कसा उतरला हें ठरविण्याची विद्या तिच्याहून कित्येक शतकांनीं तरुण आहे. आज अमेरिकेंत आणि युरोपांत पुष्कळ हौशी नेमबाज पिस्तुलाचीं झाडलेलीं काडतुसें घरीं पुन्हां भरितात व चांदमारीच्या मैदानावर नेऊन पारखून पाहतात. वरवर पाहतां हा एक काटकसरीचा छंद वाटेल. परंतु त्यामागें जो इतिहास आहे तो आमच्या मतें केवळ शस्त्रांचा नव्हे. माणसानें आपल्या हातच्या कामाची पारख आपल्या कानावर व अभिमानावर न ठेवितां मापावर कशी सोंपविली, त्याचा तो इतिहास आहे.

ठासणीच्या बंदुकीच्या काळीं प्रत्येक बार हातभरणीचाच असे. दारू मापून नळींत ओतावयाची, वर गोळी घालावयाची, गजानें ठासावयाचें आणि बत्ती द्यावयाची. सोरा, गंधक व कोळसा यांचें मिश्रण साधलें कीं नाहीं हें आवाजावरून, धुरावरून व बसणाऱ्या धक्क्यावरून ओळखीत. युरोपांत याकरितां पिस्तुलाच्या आकाराचें एक लहान उपकरणही निघालें होतें. त्यांत चिमूटभर दारू पेटविली म्हणजे तिच्या जोरानें झांकण उडे व त्यास जोडलेलें दांतेरी चाक कांहीं घरें पुढें सरके. यानें दोन दारूंची तुलना कशीबशी होई. परंतु त्यांत गोळीच नसल्यामुळें, तीच दारू नळींत गोळीमागें कोंडली असतां काय करील हें त्यावरून कळत नसे.

ही उणीव इंग्लंडांत बाथ येथें १७०७ सालीं जन्मलेल्या बेंजामिन रॉबिन्स या गणितज्ञानें भरून काढिली. तोफविद्येच्या नवीन तत्त्वांवरील त्याचा ग्रंथ १७४२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील युक्ति अगदीं साधी आहे. तीन पायांच्या तिवईस एक जड लाकडी ठोकळा टांगावयाचा व त्यावर गोळी झाडावयाची. गोळी आंत रुतली कीं ठोकळा मागें झोका घेई आणि त्यास बांधलेली फीत जितकी ओढली जाई त्यावरून झोका मोजतां येई. ठोकळ्याचें वजन, गोळीचें वजन व झोक्याचा विस्तार हीं मापें हातीं आलीं म्हणजे न्यूटनच्या गतिनियमांवरून गोळीचा वेग निघे. पाऊण इंच व्यासाच्या गोळीचा वेग दर सेकंदास १६०० फुटांहून अधिक भरला! पुढें निरनिराळ्या अंतरांवरून प्रयोग करितां असें दिसून आलें कीं, अशा वेगानें जाणाऱ्या गोळीस हवेचा होणारा अडथळा तिच्या स्वतःच्या वजनाच्या शंभरपटीहूनही अधिक असतो. शिशासारख्या जड गोळीस हवेची काय पर्वा, असें मानणाऱ्या विद्वानांस हा मोठाच धक्का होता. थोर गणिती ऑयलर यानें १७४५ सालीं या ग्रंथाचें जर्मन भाषांतर विस्तृत टीकेसह केलें. पुढें रॉबिन्स ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य इंजिनियर होऊन हिंदुस्थानांत आला आणि १७५१ सालीं, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षीं, कडलूरजवळील सेंट डेव्हिड किल्ल्यांत तापानें वारला.

एकोणिसाव्या शतकांत धातूचें काडतूस आलें आणि बार भरण्याचें काम नेमबाजाच्या हातून कारखान्याकडे गेलें. तें परत कसें आलें, याची एक मौजेची कथा आहे. १८६६ सालीं काडतुसाच्या बुडाशीं बसणाऱ्या स्फोटक टोपीचे दोन नमुने निघाले: एक अमेरिकन बर्डनचा, दुसरा इंग्रज बॉक्सरचा. बर्डनच्या नमुन्यांत ठिणगी आंत जाण्यास दोन बारीक भोकें असत, बॉक्सरच्या नमुन्यांत मधोमध एकच. या एका भोकांतून सुई घालून जळलेली टोपी सहज बाहेर पाडितां येई व पितळी नळकांडें पुन्हां उपयोगीं पडे. त्यामुळें अमेरिकनाचा नमुना युरोपांत रुजला, तर इंग्रजाचा अमेरिकेंत! न्यू हेवन येथें जॉन बार्लो यानें १८८४ सालीं काढलेल्या आयडियल कंपनीनें भरणीचीं हत्यारें घरोघर पोंचविलीं.

त्याच वर्षीं फ्रान्समध्यें व्येय या रसायनशास्त्रज्ञानें बिनधुराची दारू सिद्ध केली, आणि घरच्या भरणीचें स्वरूपच पालटलें. काळ्या दारूनें नळकांडें जवळजवळ भरून जाई. दुप्पट घालूं म्हटलें तरी जागा नसे. नवी दारू थोडक्यांत तेंच काम करी. १८९८ च्या सुमारास निघालेल्या अडतीस स्पेशल काडतुसांत काळी दारू सुमारें २१ ग्रेन लागे. त्याच नळकांड्यांत नेमबाजीच्या हलक्या बारास नवी दारू तीन-चार ग्रेन, म्हणजे आपल्या सोनाराच्या दोन गुंजांच्या आसपास, पुरते. लक्ष ढळून तीच दोनदां पडली तर डोळ्यास कळणार नाहीं. पिस्तुलास मात्र कळेल, आणि तें धरणाऱ्या हातासही. आयडाहोचा प्रसिद्ध नेमबाज एल्मर कीथ याच्या हातांत तरुणपणीं पंचेचाळीस बोअरचें एक रिव्हॉल्व्हर फुटलें. तो चवेचाळीस बोअरकडे वळला, कारण भोक लहान म्हणून भोंवतालची पोलादी भिंत अधिक जाड. त्याच्या अनेक वर्षांच्या प्रयोगांतून व आग्रहांतून १९५५ च्या अखेरीस चवेचाळीस मॅग्नम हें काडतूस कारखान्यांतून बाहेर पडलें.

आज चांदमारीवर या परीक्षेचे साक्षीदार तीन असतात. नेमबाज पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून एकाच बिंदूवर पांच-दहा बार झाडितो. कागदावरील भोकें किती जवळ पडलीं, हा पहिला साक्षीदार. दुसरा क्रोनोग्राफ, जुन्या पद्धतीच्या यंत्रांत गोळी प्रकाशाच्या दोन पडद्यांवरून जाते व मध्यें गेलेल्या वेळावरून वेग निघतो. रॉबिन्सच्या ठोकळ्याचा हा वंशजच होय. बारा-बारांतील वेगांत तफावत फार असेल तर भरणीचा हात सारखा नाहीं, हें तो निर्दयपणें सांगतो. तिसरा साक्षीदार झाडलेलें नळकांडें: त्याची टोपी चपटली काय, बूड फुगलें काय, हें पाहतात.

परंतु नळींतील दाब यांपैकीं एकही साक्षीदार नीट सांगत नाहीं. टोपी चपटलेली दिसेपर्यंत पिस्तुलांत दाब मर्यादेपलीकडे गेलेला असूं शकतो. म्हणून शहाणा मनुष्य प्रयोगशाळेंत दाब मोजून छापलेल्या कोष्टकांतील लहानांत लहान मापापासून आरंभ करितो, वाढवितो तें अगदीं हळूहळू, आणि प्रत्येक माप वहींत टिपून ठेवितो. एखादा बार दबक्या आवाजाचा झाला तर तो तत्काळ थांबतो व पिस्तूल रिकामें करून नळी तपासतो. कारण गोळी आंत अडकली असेल तर मागून येणारी दुसरी नळी फाडील. ज्या कानास रॉबिन्सनें न्यायाधीशाच्या आसनावरून उठविलें, तो असा पहारेकरी म्हणून मात्र कायम राहिला.

ज्यास शस्त्रांची आवड नाहीं अशा वाचकासही या इतिहासांत घेण्यासारखें कांहीं आहे, असें आम्हांस वाटतें. आपण भरलेला बार चांगलाच आहे, असें प्रत्येक भरणाऱ्यास वाटतें. आपण लिहिलेला लेख व आपण शिकविलेला धडा यांविषयींही तसेंच वाटतें. फरक इतकाच कीं, लेखाची चूक पुष्कळदां दुसऱ्याच्या पदरीं जाते आणि बाराची चूक भरणाऱ्याच्याच हातांत फुटते. म्हणूनच कदाचित् या विद्येंत माणूस मापापुढें इतक्या लवकर नम्र झाला.